मास्क लावला आणि अण्णा गप्प झाले

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कान तपासायचा कॅम्प होता, मी ऑडिओमेट्रीवाला, म्हणजे किती ऐकू येतं ते मशीनवर मोजणारा. आवाजात काम केलं की कान तात्पुरते बधिर होतात, म्हणून तपासणीआधी किमान 14 तास माणूस लूमपासून लांब पाहिजे, त्यामुळं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लूम चालू व्हायच्या आत सगळं उरकायचं होतं.

तिसरा नंबर अण्णांचा. तीस वर्षं लूमवर. मस्त गप्पा मारत होते, म्हणलं यांचं काय निघत नाही. मला सर्दी होती, शिंक आली म्हणून मास्क चढवला आणि विचारलं, अण्णा चहा झाला का? नुसते बघत बसले. परत विचारलं, तरी तेच. मास्क खाली केला तर लगेच, "झाला की ओ."

तेव्हा ट्यूब पेटली. शेडमध्ये धोटा असा आपटत असतो की बोललेलं ऐकूच येत नाही, सगळी माणसं ओठ आणि हात बघून बोलतात, अण्णा घरीदारी पण तसंच करत होते आणि त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता.

ग्राफ काढला. खालच्या सुरांना बरं होतं, 4000 हर्ट्झला धाडकन 65 डेसिबलपर्यंत खाली (आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं) आणि 8000 ला परत थोडं वर. हा खड्डा म्हणजे आवाजाचा शिक्काच. स, श, च असली अक्षरं या वरच्या सुरांतच असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही.

आदल्या आठवड्यात मी शेडमध्ये आवाज मोजायचा मीटर धरला होता, 98 डेसिबल. फॅक्टरी नियमात 90 ला 8 तास चालतं, 100 ला फक्त 2. इथं शिफ्टच 12 तासांची!

"मी कापूस घालतो की," अण्णा म्हणाले. आता कापसानं काय थांबतंय. फोमचे प्लग होते, सुपरवायझरच्या कपाटात, पाकीट न फोडलेलं. का नाही घालत विचारलं तर म्हणाले, प्लग घातला तर लूमचा आवाज बदललेला कसा कळणार, माल खराब झाला की पैसे माझेच कापतात. याला माझ्याकडं खरंच उत्तर नव्हतं. मॅनेजरला म्हणलं, आधी झिजलेले पार्ट बदला, लूम टाइट करा, आवाज तिथंच कमी होईल. ते म्हणाले बघू.

अण्णांच्या बायको, मावशी, विड्या वळतात, पान-तंबाखूचं सूप तसंच ठेवून आल्या होत्या. ग्राफ समजावला तर कपाळाला हात लावला, "म्हणजे दहा वर्षं मी उगंच भांडत होते व्हय? मला वाटायचं मुद्दाम ऐकत नाहीत!"

अण्णा त्यांच्या ओठांकडं बघून हसले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हा कागद मालकाला दाखवणार का?

मालकाला नावं न घालता एकत्र आकडे दिले. अण्णांचा कागद अण्णांच्या खिशात.