मलांजखंडच्या दगडातलं पाणी

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. माझ्याकडे मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीतला ड्रिल कोर, म्हणजे भोक पाडून काढलेला दगडाचा दंडगोल, होता, खाण मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात, आपल्या गोंदियापासून फार लांब नाही. तिथलं तांबं क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) जाड रीफमध्ये, म्हणजे पट्ट्यात, आहे आणि आजूबाजूला सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. त्या क्वार्ट्झमध्ये पाण्याचे थेंब अडकलेत, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान, आणि काहींच्या आत एक बुडबुडा असतो जो मायक्रोस्कोपखाली सारखा थरथरत राहतो. एवढ्या जुन्या पाण्यातला बुडबुडा हलताना बघून मला अजूनही अंगावर काटा येतो.

दोन महिने मी हे थेंब मोजत होते. लिक्विड नायट्रोजनने गोठवायचे, मग बर्फाचा शेवटचा कण कधी वितळतो ते बघायचं, उणे ६ अंशाला गेला म्हणजे मीठ ९ टक्क्यांच्या आसपास, समुद्राच्या अडीचपट. नंतर तापवायचं आणि बुडबुडा नाहीसा झाला की तापमान लिहायचं, पाणी अडकलं तेव्हा निदान तेवढं गरम होतं. बहुतेक सगळे १७० ते १९० अंश.

मग एक दिवस प्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनचा बीम टाकून खनिजात काय काय आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, स्लॉट मिळाला. चाल्कोपायराइटला, म्हणजे तांब्याच्या खनिजाला, अगदी चिकटून क्लोराइट नावाचं हिरवं खनिज होतं, त्यावर बीम टाकला. क्लोराइटमध्ये सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम जितकं जास्त शिरलेलं तितकं ते जास्त गरम पाण्यात बनलेलं, हा हिशोब मेक्सिकोतल्या लोस अझुफ्रेसच्या भूऔष्णिक विहिरींवरून बसवलाय कारण तिथे खरं तापमान विहिरीतच मोजता येतं. माझं उत्तर आलं सव्वातीनशे अंश. दुसरा पॉइंट, तिसरा पॉइंट, तेच. मशीन बिघडलं असेल म्हणून स्टँडर्ड, म्हणजे आधीच माहीत असलेला नमुना, परत चालवलं, ते बरोबर. प्रेशर करेक्शन, म्हणजे खोलवरच्या दाबासाठी थेंबांच्या तापमानात घालायची भर, धरलं तरी थेंब आणि क्लोराइट यांच्यातली तफावत भरून निघेना.

माझ्या गाइड मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, थेंब कुठले मोजलेस? रांगेतले का?"

पोटात गोळाच आला. क्वार्ट्झची पातळ चकती, वेफर, परत मायक्रोस्कोपखाली लावली, फोकस वरखाली केला आणि दिसलं, माझे थेंब सगळे एका रेषेत, आणि ती रेष क्वार्ट्झच्या एका कणातून शेजारच्या कणात सरळ गेलेली. म्हणजे क्वार्ट्झ बनून गेल्यावर कधीतरी तडा गेला, नंतरचं थंड पाणी आत शिरलं आणि तडा बुजला. तांबं आणणारं पाणी ते नव्हतंच.

रात्री साडेआठला एका कणाच्या मधोमध, सगळ्या रेषांपासून लांब, एकटा थेंब सापडला. तापवत गेले. २०० गेलं, २५० गेलं, बुडबुडा तसाच. २९१ ला नाहीसा झाला.