चिटबॉय कुणाचा?

बीडला संस्था-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी 'कंपन्या आणि मानवी हक्क' असं ट्रेनिंग घेत होतो. सगळी ऊसतोड कामगारांत काम करणारी माणसं, मोर्चा, निवेदन, तहसील, लेबर ऑफिस तोंडपाठ, पण कंपनीला जाब विचारायचा म्हटलं की "त्ये कशाला आपलं ऐकत्यात" असा सूर. सकाळी युएनची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं उरकली, सरकारने हक्क जपायचे, कंपनीने पायदळी तुडवायचे नाहीत, नुकसान झालं तर दाद मागायची सोय पाहिजे, बास. सगळी 31 वाचून दाखवली असती तर चहाआधीच हॉल रिकामा!

जेवणानंतर रोल प्ले. कारखान्याचा शेतकी अधिकारी व्हायला कुणी तयार होईना, शेवटी एक जण उठला, पूर्वी स्वतः मुकादम, म्हणजे तोडीला मजूर गोळा करून आणणारा होता, आता संघटनेत आहे. आणि काय बसला हो खुर्चीत! "कामगार आमचे नाहीतच. आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाने उचल कुणाला दिली आम्हाला काय माहीत." (उचल म्हणजे हंगामाआधी मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम.) कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, पाणी नाही, संडास नाही, आजारी बाईचे खाड्याचे पैसे कापले, काहीही विचारा, उत्तर तेच. सगळे गप्प. मी मुद्दामच मध्ये पडलो नाही.

मागून एक काकू उठल्या, निम्मं आयुष्य फडात, म्हणजे तोडीच्या उसात गेलेल्या. "साहेब, मंग फडात चिटबॉय कुनाचा येतो?"

आधी हशा आणि मग एकदम गलका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिटबॉय म्हणजे शेतात येऊन तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. काकू थांबेनात. "कुठला फड तोडायचा ते तुमी सांगनार, गाडी रातच्याला आली तरी आमीच भरायची, वजन तुमच्या काट्यावर, अन् आमी तुमचे न्हाई व्हय?" साहेब हात जोडून खुर्चीतून उठले, "काकू, आता मलाच काय सुचंना."

तिथून पुढचं सोपं गेलं. साखर जाते कुठे? कोल्ड्रिंक, बिस्किटं, चॉकलेट. त्या कंपन्यांनी स्वतः काही केलं नसलं तरी ज्यांच्याकडून माल घेतात तिथला त्रास थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला पाहिजे असं तत्त्व 13 सांगतं. शिवाय शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणाच्या जबाबदारीचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात मानवी हक्कांचा वेगळा भाग आहे. आपले सहकारी कारखाने त्यात येत नाहीत, पण त्यांची साखर घेणारे बरेचसे येतात, म्हणून पत्र तिकडे लिहायचं ठरलं.

मसुद्यावर चांगलीच भांडणं झाली. काहींना 2019 चा ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा विषय आधी हवा होता, ज्यावर सरकारने समिती नेमली होती. बायकांचं म्हणणं वेगळं, आधी उचल आमच्या नावाने लिहा, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि पैसे मोजून घेतो नवरा. तेच पहिल्या नंबरला गेलं, मला विचाराल तर बरोबरच गेलं.

पत्र पाठवलंय, पोच आलीय, उत्तर नाही. दसऱ्यानंतर मजुरांच्या टोळ्या तोडीला निघतील, त्यामुळे पुढचं ट्रेनिंग कोप्यांवरच घ्यावं लागणार, तेही गाडी भरून झाल्यावर जो वेळ मिळेल तेव्हा.