कार्लाइलच्या बाजारात ओरिजिनल अल्टरनेटर शोधताना

जुन्या अमेरिकन गाड्या रिस्टोअर करणाऱ्या लोकांना इंजिन ब्लॉकचे नंबर तोंडपाठ असतात, कार्ब्युरेटरचा टॅग कपाटात जपून ठेवलेला असतो, आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) मात्र पार्ट्सच्या दुकानात जो हाताला लागेल तो लावून मोकळे होतात. बॉनेट उघडलं की सगळ्यात पुढे, सगळ्यात वर दिसणारी वस्तू ती, आणि तीच चुकीची. मला ते फार खटकतं, म्हणून यंदा फॉल कार्लाइलला, म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी शरद ऋतूत भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजाराला, फक्त एवढ्याच कामासाठी गेलो. पुढच्या वेळी कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १९६९ ची शेवरोले शेव्हेल मालिबू, ३०७ व्ही-८, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, बाल्टिमोर प्लांटची. फायरवॉलवरच्या टॅगवर ०४बी आहे म्हणजे गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बनली. तेव्हा मला हवा होता डेल्को-रेमीचा (शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, म्हणजे जीएम, तिचा इलेक्ट्रिकल पार्ट्सचा विभाग) १० डीएन मॉडेलचा अल्टरनेटर, पार्ट नंबर ११००८३४, ३७ अँपिअर, आणि तारीख फेब्रुवारी-मार्च १९६९ ची. हे सगळं घरून निघायच्या आधी कागदावर लिहिलेलं पाहिजे, कारण तिथे गेल्यावर हजारो टेबलं बघून डोकं गरगरतं आणि माणूस "हा पण तसाच दिसतोय की" म्हणत काहीही उचलतो. आपल्या गाडीचा नक्की नंबर त्या वर्षाच्या असेंब्ली मॅन्युअल आणि जुन्या पार्ट्स कॅटलॉगमधून काढा, एसी असेल तर नंबर वेगळा, कधी इंजिनाप्रमाणेही वेगळा. माझा नंबर बघून तुम्ही घेऊ नका.

जायचा रस्ता सोपा आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनहून हायवे २८७ वरून ७८ वेस्ट, अ‍ॅलनटाउन मागे टाकायचं, पुढे ८१ साउथ लागतो, हॅरिसबर्गला सस्क्वेहाना नदी ओलांडली की कार्लाइल आलंच, साधारण तीन तास. पण ८१ वर ट्रक प्रचंड, त्या भागात गोदामंच गोदामं आहेत, म्हणून पहाटे निघा. माझ्याबरोबर माझा मित्र होता, मूळचा सांगलीचा, त्याच्याकडे १९६६ ची मस्टँग आहे, त्यालाही तेच दुखणं. बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या त्या अ‍ॅलनटाउनच्या आधीच संपल्या. मैदानात फनेल केक आणि प्रेट्झेल भरपूर मिळतात पण दिवसभर चालायचं असेल तर घरचं काहीतरी ठेवाच.

कार्लाइलच का, जवळच्याच हर्शी गावचा जुन्या गाड्यांचा मेळावा का नाही, असं काही जण विचारतात. हर्शीचा ऑक्टोबरचा मेळावा जुना, १९५५ पासूनचा, तिथे युद्धाआधीच्या गाड्यांचा माल जास्त. कार्लाइलचा बाजार १९७४ मध्ये चिप मिलर आणि बिल मिलर या दोन मित्रांनी सुरू केला तोच मुळी युद्धानंतरच्या गाड्यांसाठी, आडनाव एक असलं तरी ते नातेवाईक नव्हते. साठ-सत्तरच्या दशकातला माल हवा असेल तर आधी कार्लाइल. दोन्ही गावांमध्ये पाऊण तासाचं अंतर आहे आणि तारखा बहुतेक मागेपुढेच असतात, त्यामुळे सुट्टी असेल तर दोन्ही जमतं.

आता मुख्य मुद्दा, बघायचं काय. डेल्को-रेमीच्या अल्टरनेटरवर पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर नंबर ठोकलेला असतो, पार्ट नंबर, अँपिअर, १२ व्होल्ट निगेटिव्ह, आणि तारखेचा कोड. कोड म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर, मग दिवस. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च. इंडियानातल्या अँडरसनला डेल्को-रेमीचं काम चालायचं, तिथून माल असेंब्ली प्लांटला पोचून गाडीवर चढेपर्यंत काही आठवडे सहज जायचे, म्हणून अल्टरनेटरची तारीख गाडीच्या आधीची पाहिजे, नंतरची असूच शकत नाही. कॉर्व्हेटवाले जजिंगमध्ये सहा महिन्यांपर्यंत आधीची तारीख धरतात. मला विचाराल तर दोन महिन्यांच्या आतली सगळ्यात छान, पण तीन-चार महिने आधीची मिळाली तरी सोडू नका.

दुसरं, १० डीएन आणि १० एसआय यात गल्लत करू नका. १० डीएनला रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बाहेर, रेडिएटर सपोर्टवर वेगळा डबा, आणि अल्टरनेटरच्या पाठीवरच प्लग. १० एसआयला रेग्युलेटर पोटातच, प्लग कडेला. सत्तरच्या दशकात जीएमने सगळीकडे एसआय आणला, आणि तो चांगला आहे, जास्त टिकाऊ आहे, रोज चालवायच्या गाडीला लोक तो लावतात त्यात चूक काही नाही, पण एकोणसत्तरच्या शेव्हेलमध्ये तो लगेच ओळखू येतो. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात आणि विकणारा बिनदिक्कत "सिक्स्टीज शेव्ही" म्हणतो.

फोर्डवाल्यांसाठी मित्राच्या शोधातून कळलेलं. ऑगस्ट १९६४ च्या आधी बनलेल्या पहिल्या मस्टँगना अल्टरनेटरच नाही, जनरेटर आहे, ते आधी तपासा. पुढच्या गाड्यांना फोर्डच्याच ऑटोलाइट ब्रँडचा अल्टरनेटर, नंबरात १०३०० हा आकडा असतोच, त्याच्या आधी सी५, सी६ असं, सी म्हणजे साठचं दशक आणि आकडा म्हणजे वर्ष. शिवाय अँपिअरप्रमाणे रंगीत शाईचा शिक्का असायचा, जांभळा ३८, नारिंगी ४२, लाल ५५. ही शाई धुतली की जाते, त्यामुळे झगझगीत नवा शिक्का दिसला तर तो परवा मारलाय असं धरून बोलणी करा. क्रायस्लरवाल्यांचं सोपं, १९६० च्या व्हॅलिअंटपासून त्यांनी अल्टरनेटर आणला, बाकीच्यांच्या आधी, १९७१ पर्यंत पाठ गोल, १९७२ पासून चौकोनी. आणि १९७० पासून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला तेव्हा फील्डच्या (आतल्या फिरत्या कॉइलला वीज देणाऱ्या) दोन तारा झाल्या, म्हणजे पाठ गोल दिसली तरी टर्मिनल मोजा.

मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने जोडलेल्या जुन्या डॉज-प्लिमथ आहेत त्यांनी अल्टरनेटरच्या मागे लागूच नये. त्या गाड्यांना डायनामोच (म्हणजे जनरेटर) बरोबर, आणि १९५५ पर्यंतच्या असतील तर ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. कुणी गॅरेजवाला १२ व्होल्टचा अल्टरनेटर बसवून देतो म्हणाला तर दोनदा विचार करा.

तर बाजार. आम्ही गुरुवारी पोचलो, आणि गुरुवारच जा असं सांगेन, शनिवारी दुपारनंतर लोक बांधाबांध करायला लागतात, भाव उतरतो हे खरं पण चांगला माल तोवर गेलेला असतो. सकाळी कुडकुडत होतो, दुपारी शर्टाच्या बाह्या वर. बूट जाड घाला, खडी आणि गवत दोन्ही आहे, पाऊस झाला तर चिखल होतो. छोटी टॉर्च, फडकं, मल्टीमीटर, आणि ओझं ओढायला हातगाडी, डेल्को काही हलका नाही. कॅश बरोबर ठेवा.

चकाचक टेबलं आम्ही भराभर पार केली. तिथे क्रोम केलेले आणि पॉलिश मारलेले अल्टरनेटर रांगेने मांडलेले असतात. एका ठिकाणी ११००८३४ होता, पण नंबराच्या आजूबाजूचा भाग जरा खोलगट वाटला. टॉर्च आडवी धरून बघितलं तर घासल्याच्या बारीक रेघा सगळ्या एकाच दिशेने, आणि आकडे एकाच खोलीचे, अगदी सरळ रेषेत. जुना नंबर घासून नवा ठोकलेला. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा जो खरखरीत पोत असतो तो नंबराच्या जागीही दिसला पाहिजे. टॉर्च वरून मारली तर हे काहीही दिसत नाही, आडवीच धरायची.

माल मिळाला तो मागच्या रांगेत. एक आजोबा, टेबलाखाली दुधाचे प्लास्टिकचे क्रेट, त्यात ग्रीसने माखलेले अल्टरनेटर आणि स्टार्टर. मित्र म्हणाला, "अरे, हे सगळे बघत बसलास तर इथेच अंधार पडेल." पण मी बसलो. फडक्याने एकेक पुसत गेलो, वायर ब्रश अजिबात नाही, त्याने आकडे बोथट होतात. एकावर आधी ३७ए दिसलं, मग ११००८३४, मग ग्रीस खरवडल्यावर ९ सी १९. १९ मार्च १९६९! माझ्या गाडीच्या जेमतेम तीन आठवडे आधी. मित्राला हाक मारून तीनदा वाचून घेतलं.

विकत घ्यायच्या आधी तिथल्या तिथे एवढं करता येतं. हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, खरखर असेल तरी हरकत नाही, बेअरिंग बदलता येतं, पण शाफ्ट हलायला नको. मल्टीमीटर फील्डच्या टर्मिनलवर आणि बॉडीवर लावा, काही ओहम दाखवायला हवेत, शून्य दाखवलं तर शॉर्ट, काहीच दाखवलं नाही तर ब्रश गेलेत किंवा रोटर. मग डायोडच्या सेटिंगवर बॅटरीचा बोल्ट आणि बॉडी, एकाच दिशेने वाट मिळाली पाहिजे, दोन्हीकडून मिळाली तर डायोड उडालेत. माझ्यात डायोड उडालेले होते. तरी घेतला, कारण डायोड, ब्रश, बेअरिंग सगळं आजही मिळतं, त्या तारखेची केस मात्र कुठूनच नवी येणार नाही. केसला तडे आहेत का, बोल्ट लावायचे कान तुटलेत का, बोल्टची भोकं मोठी झालीत का, हे मात्र नीट बघा. आणि पुढची-मागची केस एकाच अल्टरनेटरची आहे का तेही, रिबिल्डवाले सर्रास मिसळतात.

आजोबांनी १५० डॉलर सांगितले, मी उडालेले डायोड दाखवले, तेव्हा त्यांनी १२० ला दिला. त्याला दोन खाचांची पुली होती, मला एकच खाच हवी, ती दोन रांगा सोडून मिळाली. पुलीचा नट १५/१६ चा, आणि शाफ्टच्या टोकाला ५/१६ ची अ‍ॅलन की बसते, म्हणजे शाफ्ट धरून नट सोडवायचा. फॅन वाकवू नका. रेग्युलेटरही तिथेच शोधला, त्या काळातल्या बऱ्याच शेवरोलेंना चालणारा १११९५१५.

परत आल्यावर रिबिल्डला दिला तेव्हा दुकानदाराला कागदावर लिहून दिलं की हाच मला परत हवा, केस बीड ब्लास्ट करू नका, पॉलिश नको, नंबरावर टेप लावलेली आहे ती काढू नका. हे लिहून देणं गरजेचं आहे, कारण मित्राने त्याचा मूळचा ऑटोलाइट एका दुकानात एक्स्चेंजवर दिला होता आणि त्याला परत मिळाला भलताच, ओरिजिनल गेला तो गेलाच. एक्स्चेंज नावाचा प्रकार मूळ पार्टसाठी कधीही करू नका, कितीही स्वस्त पडला तरी. तुमच्या गाडीवर जो मूळ अल्टरनेटर आहे तो बंद असला तरी फडताळात ठेवा.

आता गाडीवर चढलाय. इंजिन जरा वर घेतलं की चौदाच्या आसपास व्होल्ट येतात, आयडलला हेडलाइट किंचित मंद होतात. ३७ अँपिअरमध्ये तेवढं होणारच, तेव्हाही व्हायचं. मोठा अ‍ॅम्प्लिफायर किंवा इलेक्ट्रिक फॅन लावायचा असेल तर हा पुरणार नाही, मग रोजच्या वापराला एसआय ठेवा आणि हा शोसाठी.

मित्राला त्याचा नारिंगी शिक्क्याचा अजून मिळालेला नाही, केस चांगली होती एक पण तारीख गाडीच्या नंतरची. आम्ही एप्रिलमध्ये स्प्रिंग कार्लाइलला परत जातोय, हॉटेल आत्ताच बुक केलंय कारण आयत्या वेळी हॅरिसबर्गपर्यंत खोली मिळत नाही. कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत, फक्त आपापल्या गाडीचा टॅग वाचून, नंबर आणि तारीख लिहून आणा.