नावाला सपाट

उतरत्या छपराशी माझं वैर नाही. पाऊस अंगाला लावून न घेता ते खाली सोडून देतं, काम चोख. पण तिथे बसायची सोय नाही. वर चढायचं ते फुटलेलं कौल बदलायला, तेही जीव मुठीत धरून. गच्चीचं तसं नाही. घरासाठी जेवढी जमीन आपण झाकून टाकतो, तेवढी ती वर नेऊन परत देते. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने १९२०च्या दशकात छतावरच्या बागेचा आग्रह धरला, तो याच हिशेबाने. त्याच्याही फार आधी, सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानातल्या चाटालह्युयुकमध्ये घरं एकमेकांना इतकी खेटून होती, की मधे वाटाच नव्हत्या. लोक छपरांवरून ये-जा करत आणि शिडीने स्वतःच्या घरात उतरत. गच्ची हाच रस्ता!

सोलर पॅनेललाही इथे हवी ती दिशा मिळते; उतरत्या छपरावर मात्र घराचं तोंड जिकडे, तिकडे त्याचं. ऊन तापतं हे खरं, पण पांढरा रंग दिला की बरंच निभावतं.

गंमत म्हणजे गच्ची सपाट नसतेच. मीटरभर अंतराला निदान एक सेंटिमीटर तरी उतार हवा, नाहीतर पाणी मुक्कामच ठोकतं. कॉर्बुझिएच्या पॅरिसजवळच्या व्हिला साव्वाचं छत १९३१ मध्ये घर पूर्ण झाल्यापासून गळत होतं आणि मालकीणबाई त्याला तक्रारीची पत्रं धाडत होत्या, हे वाचून मला जरा हलकं वाटलं होतं.

कारण आमच्या गच्चीचा एक कोपरा चुकलेला आहे. बादलीभर पाणी ओतलं की ते शहाण्यासारखं जाळीकडे निघतं, पण थोडं मागे रेंगाळतं आणि कठड्याच्या कडेला ताटाएवढं डबकं करून बसतं. गवंड्याने गुडघे टेकून त्यात बोट बुडवलं, पाणी नखाच्या वर गेलं. ‘कोबा फोडून नव्याने उतार देऊ,’ म्हणाला. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्या डबक्यात दोन चिमण्या पंख फडफडवत आंघोळ करत होत्या, तिसरी कठड्यावर नंबर लावून बसलेली. गवंड्याला पुढच्या महिन्यात या म्हणून कळवलंय.