साकामोतोंचा पियानो ऐकताना सुराची आस ऐका

जपानी संगीतकार आणि पियानोवादक र्‍युइची साकामोतोंच्या पियानो अल्बमांकडे बरेच जण ‘चित्रपटातल्या गाजलेल्या धुना, पियानोवर’ एवढ्याच अपेक्षेने जातात आणि दोन-तीन ट्रॅक झाले की ‘छान आहे, शांत आहे’ म्हणून सोडून देतात. धुना त्याच आहेत, हे खरं. ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ या चित्रपटाची धून त्यांनी १९८३ ते २०२२ या काळात पुन्हा पुन्हा मुद्रित केली. पण दर वेळी बदलते ती सुराची आस, म्हणजे वाजवल्यानंतर विरेपर्यंत रेंगाळणारा त्याचा नाद. सूर किती टिकू द्यायचा, तो विरत असताना खाली काय ठेवायचं, की काहीच ठेवायचं नाही, याची त्यांची उत्तरं चाळीस वर्षांत पार बदलली. तेवढ्याकडे कान ठेवला तर हे अल्बम एकसारखे वाटणं शक्यच नाही.

मुळात ‘लॉरेन्स’चं संगीत सिंथेसायझरवरचं. तिथे पट्टी दाबून ठेवली की सूर हवा तितका टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे येते आणि त्याच क्षणी सूर उतरायला लागतो. एकदा वाजवलेला सूर फुगवता येत नाही. वरच्या सप्तकात तर तो पाहता पाहता संपतो. १९८३ मध्येच साकामोतोंनी या संगीताची पियानो आवृत्ती केली: आधी ‘आवेक पियानो’ हा कॅसेट आणि पुस्तकाचा संच, मग ‘कोडा’ ही तबकडी. इथे पोकळी भरून काढण्याकडे कल आहे. डाव्या हातात मोडून वाजवलेल्या कॉर्ड्स (एकत्र जुळणारे सूर), धून सप्तकात दुहेरी आणि पेडलचा, म्हणजे दाबलं की सूर टिकवणाऱ्या पायपट्टीचा, सढळ वापर. तरुण वादकाचं काम आहे, हात सतत काहीतरी करत असतात.

नव्याने ऐकणाऱ्याने मात्र सुरुवात ‘१९९६’पासून करावी. अल्बमचं नावच ते आहे. पियानो, व्हायोलिन, चेलो अशी ही त्रयी. चेलोवर ब्राझीलचे जाक मोरेलेनबाउम, व्हायोलिनवर मुख्यतः एव्हर्टन नेल्सन. पियानोला जे जमत नाही तेच गजाच्या वाद्यांना सहज जमतं: सूर धरून ठेवणं आणि धरल्यानंतर वाढवणं. त्यामुळे इथे पियानोवरचं ओझं उतरतं. तो लय आणि कॉर्ड सांभाळतो, आस चेलो पुरवतो. ‘द लास्ट एम्परर’चं संगीत (१९८७ चा चित्रपट, ऑस्कर डेव्हिड बर्न आणि काँग सू यांच्यासोबत विभागून) तीन वाद्यांत बसतं आणि तरी तुटपुंजं वाटत नाही, ते या वाटणीमुळे.

याच अल्बममधले दोन ट्रॅक सावकाश ऐकावेत असे आहेत. ‘रेन’ हा ‘लास्ट एम्परर’मधल्या घटस्फोटाच्या प्रसंगाचा तुकडा: तुटक, जलद आघात आणि त्यावरून लांब खेचलेली धून. आघात आणि आस एकाच वेळी चालू असतात, आणि ताण त्यातूनच येतो. दुसरा ‘बिबो नो आओझोरा’. शेवटाकडे व्हायोलिन-चेलो तीच ओळ घोळवत राहतात आणि पियानो हळूहळू त्या सुरावटीबाहेरचे, टोचणारे सूर टाकायला लागतो. ही चूक नाही. खालची ओळ स्थिर आहे म्हणूनच वरचा विस्कळीतपणा सहन होतो, नव्हे, हवासा वाटतो. २००६ च्या ‘बेबल’ चित्रपटाचा शेवट याच रचनेवर होतो.

‘बीटीटीबी’ (१९९८) हा एकल पियानोचा अल्बम. नावाचा अर्थ ‘पुन्हा मुळाकडे’. विकत घेताना किंवा यादीत घालताना ट्रॅकची नावं नीट पाहा, कारण जपानमधली पहिली आवृत्ती आणि नंतरच्या परदेशी आवृत्त्या यांतले ट्रॅक वेगळे आहेत. ‘एनर्जी फ्लो’ १९९८ च्या जपानी आवृत्तीत नाही. ती रचना एका जाहिरातीसाठीची, १९९९ मध्ये ‘उरा बीटीटीबी’ या छोट्या तबकडीवर आली आणि जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. निव्वळ वाद्यसंगीताला हे पहिल्यांदाच साधलं होतं. गोड आहे, पण या काळातलं माझ्या मते महत्त्वाचं काम ते नव्हे. ‘प्रील्यूड’ आणि ‘सोनाटा’ ऐका. तिथे पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवलेल्या आहेत, अमेरिकी संगीतकार जॉन केजने रुजवलेल्या पद्धतीने. तारेला बाहेरची वस्तू टेकली की तिचं कंपन लवकर मरतं आणि पट्टीतून लाकडी, धातूचा, तालवाद्यासारखा नाद निघतो. म्हणजे आस मुद्दाम कापलेली. त्याच अल्बममधली ‘अक्वा’ नेमकी उलट आहे, संथ कॉर्ड्स आणि प्रत्येकीला विरायला पुरेशी जागा.

२००१ चा ‘काझा’ चित्रपटसंगीताचा नाही, पण वगळू नका: मोरेलेनबाउम दांपत्यासोबत, रिओमध्ये बोसा नोव्हाचे संगीतकार अंतोनिओ कार्लोस जोबीम यांच्या घरी, त्यांच्याच पियानोवर, त्यांचीच गाणी. २००२ च्या ‘व्रिऊन’ अल्बममध्ये जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकार अल्वा नोटो संगणकावरून पियानोच्या सुरांभोवती बारीक टिचक्या आणि सरळ रेषेसारखे नाद लावतात. ‘द रेव्हनंट’चं (२०१५) संगीत करायला हीच जोडी पुन्हा एकत्र आली, सोबत अमेरिकी संगीतकार ब्राइस डेसनर.

कधीच न विरणाऱ्या सुराची ओढ साकामोतोंनी त्यांच्यावरच्या २०१७ च्या ‘कोडा’ या माहितीपटात स्वतः बोलून दाखवली आहे. त्याच वर्षीच्या ‘असिंक’ अल्बममध्ये ‘आंदाता’ची धून आधी पियानोवर येते आणि मग ऑर्गनवर, म्हणजे न विरणाऱ्या वाद्यावर. त्याच काळात त्यांनी २०११ च्या त्सुनामीत बुडालेला, मियागी प्रांतातल्या एका शाळेचा पियानोही वापरला. निसर्गाने त्याला पुन्हा आपल्या सुरात लावलंय, अशी त्यांची दृष्टी होती. ‘१२’ हा अल्बम (जानेवारी २०२३) आजारपणात, रोजनिशी लिहावी तसा झाला; ट्रॅकची नावं म्हणजे तारखा. त्यांचा श्वास त्यात स्पष्ट ऐकू येतो.

आणि मग ‘ओपस’, चित्रित केलेली मैफल. सप्टेंबर २०२२, टोकियोतला एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेचा ५०९ क्रमांकाचा स्टुडिओ, एकटा पियानो, वीस रचना. चित्रण साकामोतोंच्या मुलाचं, निओ सोरा यांचं. ‘टोंग पू’ ही १९७८ ची सिंथेसायझरवरची धावती रचना. ‘बीटीटीबी’त ती चार हातांसाठी आहे, दाट आणि चपळ. ‘ओपस’मध्ये ती ठाय लयीत आहे, आणि दोन सुरांमधली जागा भरायचा प्रयत्नच नाही. त्या जागेत मागच्या सुराची आस उरलेली असते, पुढचा सूर तिच्यावर येऊन टेकतो. ‘बीटीटीबी’मधला ‘टोंग पू’ आणि हा, लागोपाठ ऐका. वर सांगितलेला सगळा फरक या दोन ट्रॅकमध्ये सापडतो.

ऐकताना होणाऱ्या चुका साध्या असतात. आवाज पहिल्या शांत सुरांवर बेतला की पुढचा जोरकस भाग अंगावर येतो, मग आपण आवाज कमी करतो आणि नेमकी आस गमावतो. आधी ट्रॅकमधला मोठा भाग ऐकून आवाज ठरवा. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची. फोनच्या स्पीकरला ते मूळ कंपन झेपत नाही, त्यामुळे ‘१९९६’ फोनवर ऐकाल तर त्रयीचा एक पाय लंगडा. हेडफोन बंद कपांचे असले आणि खोली शांत असली की पुरतं. स्ट्रीमिंगवर शफल आणि आपोआप आवाज समान करणारी सोय बंद ठेवा. ती ट्रॅकनिहाय चालली तर हळू रचना मोठी होते, मोठी रचना दबते.

‘लॉरेन्स’ स्वतः वाजवायचं असेल तर: पाच कोमल (फ्लॅट) सुरांचं स्केल आहे, हात बराचसा काळ्या पट्ट्यांवर राहतो. उजव्या हाताची वरची बोटं धून वाजवतात, बाकीची त्याच हातात कॉर्ड. अंगठा स्वभावतःच जड, त्यामुळे धून कॉर्डखाली गाडली जाते. आधी नुसती धून करंगळी-अनामिकेने वाजवा, मग खालचे सूर निम्म्या जोराने मिळवा. पेडल कॉर्डच्या आधी नाही, कॉर्ड वाजताना सोडायचं आणि लगेच परत दाबायचं. उशीर झाला की दोन कॉर्ड्स एकमेकींत कालवल्या जातात. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर आणखी एक अडचण येते. एकाच वेळी ३२ सूरच धरणारं यंत्र असेल तर पेडल दाबलेलं असताना जुने सूर मधूनच तुटतात. हाताला दोष देण्याआधी कीबोर्डची ती मर्यादा तपासा. किमान ६४ असेल तर या रचनेला बहुतेक पुरतं.