ला मांचातला गाल्गो

स्पेनमधल्या ला मांचा भागातल्या कांपो दे क्रिप्ताना गावाची टेकडी, तिच्यावर दहा पांढऱ्या पवनचक्क्या आणि जानेवारीचा हाडं गोठवणारा वारा. माणूस म्हणाल तर एक आजोबा तेवढे. त्यांच्या हातातल्या पट्ट्याला बांधलेला कुत्रा बघून मी थबकलोच. बरगड्या मोजाव्यात असा सडसडीत, पोट खपाटीला, शेपूट लांबलचक. थेट आमच्या सोलापूरकडचा कारवान!

"गाल्गो," आजोबा म्हणाले.

हा शब्द ओळखीचा होता. १६०५ साली आलेल्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायकाच्या मालमत्तेची यादी आहे: भाला, जुनी ढाल, मरतुकडं घोडं आणि धावणारा गाल्गो. पण शब्द आला कुठून?

बसला वेळ होता. खाली गावात कॉफी मागवली आणि मोबाइलवर स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. मूळ लॅटिन 'गालिकुस', म्हणजे गॉल देशचा, आजच्या फ्रान्सकडचा. पूर्ण नाव 'कानिस गालिकुस', गॉलचा कुत्रा. बोलता बोलता 'कुत्रा' गळून पडला आणि नुसता 'गॉलचा' उरला. आपण पैठणी साडीला नुसतं 'पैठणी' म्हणतो ना, तसंच. मग मधला 'इ' गेला, 'क'चा 'ग' झाला. 'आमिकुस'चा (मित्र) 'आमिगो' झाला, त्याच वाटेने हा 'गाल्गो'. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडने डॅफ्ने या अप्सरेमागे धावणाऱ्या अपोलो देवाला उपमा दिली ती याचीच: मोकळ्या रानात सशामागे लागलेला गॉलचा कुत्रा. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो; त्याला असंच उघडं माळरान लागतं. ला मांचा म्हणजे दुसरं काय आहे?

गंमत म्हणजे आपला कारवानही तसाच. कारवान म्हणजे काफिला. दोघांच्या नावात रंग नाही की रूप नाही, आहे तो फक्त बाहेरून आल्याचा शिक्का. (शिकारीचा मोसम सरला की इथे कित्येक गाल्गो वाऱ्यावर सोडले जातात. २०२३च्या प्राणिकल्याण कायद्यातूनही शिकारी कुत्रे वगळले आहेत. ते वाचून कॉफी कडू लागली.)

मान वर केली तेव्हा बस वळणावर होती. मी धावत दारापर्यंत गेलो, हात हलवले, ओरडलो. व्यर्थ. तेवढ्यात तेच आजोबा कुत्र्यासह समोरून आले आणि धुरळ्याकडे बोट दाखवून हसले.

"एचाले उन गाल्गो!"

सोड आता तिच्यामागे गाल्गो! हातची गेलेली गोष्ट सापडणार नसली की स्पेनमध्ये असंच म्हणतात. गाल्गोने बसकडे पाहिलंसुद्धा नाही.