उपाशी बॅटरी

नोकरी सुरतेला, मोटारसायकल अमळनेरला. महिना-दीड महिन्यानं घरी जाणं होतं, तोवर ती पत्र्याच्या शेडखाली उभी.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलो. ताईला आणायला पारोळ्याला निघालो, सेल्फ दाबला तर नुसतं टक-टक. गाडी बीएस ६, किक नाही. गल्लीतल्या पोरांनी तीनदा ढकलली, मी दुसऱ्या गिअरला क्लच सोडून पाहिला. घामच निघाला. बॅटरी पार बसली की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपालाच पुरेसा करंट मिळत नाही, मग ढकलून काय होणार? ताई शेवटी एसटीनं आली, आणि हे तिनं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं.

मेकॅनिकनं मीटर लावला. ११.४ व्होल्ट. "मरेल नई शे भाऊ, उपाशी शे."

मला पटेना. आप्पा दर रविवारी आठवणीनं पाच मिनिटं गाडी चालू ठेवत होते. पण खोट तिथंच होती. २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. सेल्फ एकदम भरपूर करंट ओढतो, आणि जागेवर उभ्या गाडीचं चार्जिंग इतकं मंद की पाच मिनिटांत तेवढंही भरून निघत नाही. आप्पांना हे कसं सांगावं, हाच मोठा प्रश्न होता!

दुसरी चूक माझी. चोरीच्या धास्तीनं मी जीपीएस बसवला होता. गाडी बंद असताना तो १० मिलिअँपिअर खात होता. दिवसाला जवळपास पाव अँपिअर-तास, आणि बॅटरी ८ अँपिअर-तासांची. महिनाभरात खेळ खलास. त्यात आपला उन्हाळा: तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

शेजारच्यांनी कारचा चार्जर देऊ केला, मेकॅनिकनं नको म्हटलं. क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे ०.८ अँपिअरनं, सावकाश भरायची. मग भरल्यावर स्वतःच व्होल्टेज कमी करणारा छोटा चार्जर आणला. रात्रभर लावला, सकाळी काढून चार तासांनी मोजलं, तर १२.७. फार काळ रिकामी राहिली असती तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून कायमची गेली असती, म्हणजे थोडक्यात वाचलो.

आता जीपीएस काढलाय, गाडी ओसरीत असते. सुरतेला निघताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवतो. घड्याळ परत लावावं लागतं, एवढंच. पंधरा दिवसांनी आप्पा मीटर लावतात. १२.४ च्या खाली गेलं तर रात्री चार्जर. रविवारचं चालू करणं त्यांनी सोडलंय, मात्र फडकं मारणं नाही.

काल फोनवर आधी आकडा सांगितला, "बारा पॉइंट सहा", मग पाऊस किती झाला ते.